जपानमध्ये घरी इंग्रजी शिकवताय? आसपासचे जपानी विद्यार्थी ऑनलाइन कसे मिळतात ते पहिल्यापासून सांगते

रात्री पावणेअकराला लाइनवर, म्हणजे इथल्या मेसेजिंग अ‍ॅपवर, मेसेज आला, दोनच ओळींचा. शनिवारी सकाळी अजून जागा आहे का, असेल तर ताइकेन लेसन घ्यायला आवडेल. ताइकेन म्हणजे आपला ट्रायल क्लास. त्या बाईंनी फी विचारली नाही, पत्ता विचारला नाही, मी कुठली, किती वर्षं शिकवते, काहीच नाही. पहिल्या दिवशी आल्यावर बोलता बोलता म्हणाल्या की तीन आठवडे माझं पेज उघडून वाचत होत्या, फी, रद्द करायचे नियम, माझा फोटो, स्टेशनपासून यायचा रस्ता सगळं, आणि सगळं कळलं तेव्हाच मेसेज केला.

माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. आपल्याकडे क्लास लावायचा म्हणजे आई थेट फोन करते, मॅडम फी किती, बॅच कधी, दोघं भावंडं आली तर काही कमी होईल का. इथला माणूस विचारत नाही. मनात एक जरी शंका राहिली तरी तो पेज बंद करतो आणि तुम्हाला कधी कळतही नाही की कुणी येऊन गेलं. जपानीत आनशिन म्हणून शब्द आहे, मनाची निश्चिंती, भीती नसणं, इथले लोक खरेदीच्या प्रत्येक गोष्टीत तो शोधतात. म्हणून ऑनलाइन विद्यार्थी मिळवणं म्हणजे जाहिरात करणं कमी आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवणं जास्त, हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

हे लिहितेय ते मुख्यतः टोकियोतल्या निशिकासाइ, कासाइ, ओजिमा आणि योकोहामा इकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आयटीच्या नोकरीमुळे आलेले, हातात एमए बीएड आहे, तिकडे दहा दहा वर्षं शिकवलंय, आणि इथे घरात बसून आहेत असे किती तरी जण मला माहीत आहेत. इंग्रजी शिकवा, हिंदी शिकवा, पद्धत तीच.

आधी कागदपत्रं, मग बाकीचं

हे कंटाळवाणं आहे पण पहिलं हेच करा. डिपेंडंट व्हिसावर असाल तर पैसे घेऊन शिकवण्यासाठी शिकाकुगाइ कात्सुदो क्योका, म्हणजे व्हिसाच्या बाहेरचं काम करायची परवानगी लागते. आठवड्याला २८ तासांची जी सरसकट परवानगी बऱ्याच जणांकडे असते ती मुळात कुणाकडे तरी नोकरी करण्यासाठी आहे, स्वतःचा क्लास चालवायचा तर त्या कामापुरती वेगळी परवानगी मागावी लागते. म्हणून इमिग्रेशनच्या खिडकीवर जाऊन मी घरी, माझ्या नावाने, इतके तास शिकवणार आहे असं स्पष्ट सांगून विचारा, मैत्रिणीने काय केलं त्यावर जाऊ नका. नोकरीच्या व्हिसावर असाल तर इमिग्रेशनला तर विचाराच, शिवाय कंपनीचे जोडधंद्याचे नियमही बघा. परमनंट रेसिडेंट आणि जपानी नागरिकाचे जोडीदार यांना ही अडचण नाही.

टॅक्सचं थोडक्यात: पगारदार माणसाला पगाराशिवायची निव्वळ कमाई वर्षाला २,००,००० येनच्या वर गेली की काकुतेइ शिन्कोकु, म्हणजे रिटर्न भरावं लागतं, साधारण १६ फेब्रुवारी ते १५ मार्च. त्याच्या खाली असली तरी वॉर्ड ऑफिसला रहिवासी करासाठी सांगावंच लागतं. पहिल्या दिवसापासून एका वहीत जमाखर्च लिहा, पुस्तकं, भाड्याची खोली, प्रिंटरची शाई सगळ्याच्या पावत्या जपून ठेवा.

आणि शिकवणार कुठे तेही आत्ताच ठरवा. घर भाड्याचं असेल तर करारात फक्त राहण्यासाठी असं लिहिलेलं असतं, घरमालकाला न विचारता विद्यार्थ्यांची ये-जा सुरू केली की शेजाऱ्यांची तक्रार यायला वेळ लागत नाही. कोमिनकान म्हणजे सरकारी सभागृहाच्या खोल्या स्वस्त असतात पण फी घेऊन क्लास चालवायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते नाहीतर जास्त दर असतो, काउंटरवर विचारा. कॅफेत बसून शिकवायला काही दुकानांची हरकत असते, तशी पाटीच लावलेली असते. तासावर खोल्या भाड्याने देणाऱ्या साइट आहेत, स्पेसमार्केट, इन्स्टाबेस वगैरे, स्टेशनजवळची छोटी खोली तासाभरासाठी मिळून जाते.

कोणाला शिकवणार ते एका ओळीत लिहा

सगळ्या वयाच्या, सगळ्या लेव्हलच्या लोकांना इंग्रजी शिकवते, हे वाक्य वाचून कुणालाच वाटत नाही की हे माझ्यासाठी आहे. तीन गोष्टी पकडा: स्टेशन, माणूस, कारण. निशिकासाइ स्टेशनजवळ, पुन्हा सुरुवात करणाऱ्या पन्नाशीच्या बायकांसाठी, परदेश प्रवासापुरतं बोलायला. किंवा कासाइ, पाचवी-सहावीची मुलं, शाळेच्या इंग्रजीची भीती घालवायला. स्टेशन यासाठी की इथे जगाचा नकाशा स्टेशनांनीच आखलेला असतो, वॉर्डाचं नाव नंतर, स्टेशन आधी, आणि लोक सर्चमध्ये टाकतात तेही असंच: स्टेशनचं नाव, मग एइकाइवा म्हणजे इंग्रजी संभाषण, मग मान्त्सूमान म्हणजे एकास एक, किंवा शोशिन्शा म्हणजे नवशिके. तुमच्या स्टेशनचं नाव आणि एइकाइवा एवढंच जपानी लिपीत टाइप करून बघा आणि खाली गुगल आणखी काय काय सुचवतं ते वहीत उतरवून घ्या, तेच तुमच्या पेजवरचे शब्द.

गरज कुठे आहे ते बघून ठरवा. २०२० पासून इथल्या प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर मार्क असलेला विषय झाला आणि तिसरी-चौथीला त्याची तोंडओळख सुरू झाली, त्यामुळे स्वतः इंग्रजीला घाबरणाऱ्या आया मुलांसाठी शिक्षक शोधायला लागल्या. दुसरी मोठी गरज म्हणजे एइकेन. ही १९६३ पासून चालणारी इंग्रजीची परीक्षा, आकडा जितका लहान तितका ग्रेड अवघड, पहिला सगळ्यात वरचा, मध्ये प्री-२, प्री-१ आणि २०२५ पासून प्री-२ प्लस, वर्षातून तीनदा होते आणि बऱ्याच हायस्कूल-कॉलेजांच्या प्रवेशात उपयोगी पडते.

आता यातली एक फट नीट बघा. तिसऱ्या ग्रेडपासून वर, लेखी पास झालं की दुसऱ्या फेरीत तोंडी मुलाखत असते. तिसऱ्या ग्रेडची मुलाखत पाचेक मिनिटांचीच, एक कार्ड हातात देतात, त्यावर छोटा उतारा आणि चित्र, उतारा मोठ्याने वाचायचा आणि मग परीक्षक प्रश्न विचारतो. लेखीची तयारी शिकवणीवाले करून घेतात, पण अनोळखी माणसासमोर बसून इंग्रजीत उत्तर द्यायची सवय मुलांना कुठेच नसते, घरात तर नाहीच. लेखी आणि तोंडीच्या मध्ये काही आठवडेच असतात, त्या काळात आईची धावपळ चालू असते. मी ‘एइकेन तिसरा ग्रेड, मुलाखतीची तयारी, चार लेसन’ असं वेगळं छोटं पान केलं, किंमत एकरकमी लिहिली, आणि त्या पानावरून आलेली मुलं मुलाखत झाल्यावरही राहिली. एवढा नेमका, लहान, संपणारा कोर्स लावायला माणूस कचरत नाही. मुलाखतीला मूल खोलीत शिरताना दार वाजवतं, कार्ड दोन्ही हातांनी घेतं, बस म्हटल्यावर बसतं, इथपासून सराव करून घ्या, आया त्यावर जास्त खूश होतात.

नेटिव्हचा प्रश्न येणारच. इथे नेटिव्ह, म्हणजे इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असाच शिक्षक हवा असं मनात असणारे पुष्कळ आहेत आणि ते वाचून मनाला लागतं, मलाही लागायचं. पण लपवून उपयोग नाही, पेजवर सुरुवातीलाच लिहा की मी भारतातली, इंग्रजीतूनच शिकले, स्वतः ही भाषा शिकून मोठी झाले म्हणून अडतं कुठे ते मला माहीत आहे. आणि ज्यांना आपण हवे आहोत ते लोक आहेतच: ज्यांची टीम पुण्यात किंवा बंगळूरला बसते आणि दर मंगळवारी कॉलवर भारतीय इंग्रजी कळत नाही म्हणून जे गप्प बसतात ते कंपनीतले लोक. त्यांच्यासाठी तुमच्यासारखा शिक्षक दुसरा नाही, हे ठासून लिहा. मग जो येईल तो तुम्हाला निवडून आलेला असेल.

एक पान, पण जपानीत

माझं पहिलं पेज इंग्रजीत होतं, छान फोटो, छान मजकूर. सहा महिन्यांत एकही विचारणा आली नाही. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला मी इंग्रजीत बोलावत होते, हे लक्षात यायला अर्धं वर्ष गेलं. मग मशीनने भाषांतर केलं आणि दुसरी चूक झाली. प्रत्येक वाक्यात अनाता, अनाता, म्हणजे तुम्ही, तुम्ही. जपानीत समोरच्याला अनाता म्हणणं परक्यासारखं आणि थोडं उद्धट वाटतं, एक तर नावापुढे आदराचं सान लावतात नाहीतर कर्ता गाळूनच टाकतात. खालच्या मजल्यावरच्या ताकाहाशी काकूंसारखं कुणीतरी, म्हणजे नाव मी बदललंय, पण अशी एक जपानी व्यक्ती शोधा जी तुमचं पेज मोठ्याने वाचून दाखवेल, आणि तिला त्याचे पैसे द्या, फुकट मागू नका. त्यांनी माझ्या पानावर पेन्सिलने बारा ठिकाणी अनाता खोडला होता. केइगो म्हणजे आदराची भाषा अगदी पुस्तकी नसली तरी चालते पण मजकूर माणसाने लिहिलाय हे कळलं पाहिजे.

वेबसाइटसाठी हजारो येन घालू नका. पेराइची, जिम्डो, विक्स असल्या कशावरही एक लांब पान पुरतं. मोबाइलवर उघडून बघा, कारण लोक ते रात्री गादीवर पडून मोबाइलवरच वाचणार आहेत. वरपासून खाली काय काय हवं ते माझ्या अनुभवाने सांगते.

सगळ्यात वर ती एक ओळ, स्टेशन-माणूस-कारण. लगेच खाली तुमचा फोटो, हसरा, उजेडातला, आणि नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, कारण आपली नावं त्यांना वाचता येत नाहीत आणि जे नाव वाचता येत नाही त्याला हाक मारायची भीती वाटते. मग जागा. स्टेशनचं कोणतं दार, उत्तरेचं की दक्षिणेचं, आणि किती मिनिटं. इथे घरांच्या जाहिरातीत ८० मीटर म्हणजे एक मिनिट असा नियम आहे आणि सगळे त्याच हिशोबाने वाचतात, त्यामुळे ४०० मीटर असेल तर पाच मिनिटं लिहा, स्वतः झपझप चालून तीन मिनिटं लिहू नका. वळणावर काय दिसतं त्याचे दोन फोटो टाका, सुपरमार्केटचा कोपरा, सिग्नल. खोलीचाही फोटो हवा, टेबल, दोन खुर्च्या, खिडकी. अनोळखी परदेशी माणसाच्या घरी जायचंय, आत कसं आहे हे दिसलं की निम्मी धास्ती जाते.

मग पहिल्या दिवशी काय होईल ते मिनिटांनिशी. दहा मिनिटं जपानीत ओळख आणि काय हवंय ते विचारणं, तीस मिनिटं लेसन, दहा मिनिटं तुमचे प्रश्न. काहीही न आणता या, हे सुद्धा लिहा, इथे तेबुरा दे म्हणतात, हात हलवत आलात तरी चालेल. मग फी, पूर्ण आकडा, पुस्तकाचे वेगळे असतील तर ते, प्रवेश फी नसेल तर नाही म्हणून. फी विचारा असं लिहिलेलं पान लोक बंद करतात. माझ्या पाहण्यात आसपासचे खासगी शिक्षक तासाला २५०० ते ५००० येन घेतात. नवीन आहात म्हणून १००० येनवर उतरू नका, स्वस्त म्हणजे काहीतरी कमी असेल अशीच शंका येते आणि नंतर वाढवणं फार अवघड जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोडायचं कसं. हे बहुतेक शिक्षक लिहितच नाहीत. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नोवा ही तेव्हाची देशातली सगळ्यात मोठी एइकाइवा साखळी बुडाली, लोकांनी लेसनची तिकिटं आगाऊ शेकड्याने विकत घेतलेली, लाखो विद्यार्थ्यांचे पैसे अडकले. नाव आज दुसऱ्या मालकांकडे चालू आहे, पण त्या वेळी पोळलेले लोक आता चाळिशी-पन्नाशीत आहेत, म्हणजे नेमके आपले विद्यार्थी. त्यामुळे महिन्याच्या महिन्याला फी, बंद करायचं तर आदल्या महिन्याच्या अखेरपर्यंत सांगा, कोणताही दंड नाही, हे ठळक लिहा. शिवाय इथला कायदाही आहे: भाषेच्या क्लासचा करार दोन महिन्यांपेक्षा जास्त आणि एकूण ५०,००० येनच्या वर असेल तर लेखी करार द्यावा लागतो, आठ दिवसांत विनाकारण रद्द करायचा हक्क असतो आणि मधेच सोडलं तर किती कापायचं त्यालाही मर्यादा आहे. एकट्या शिक्षकाने त्या भानगडीत न पडता महिन्याचाच व्यवहार ठेवावा असं माझं मत आहे.

पानाच्या शेवटी एक वाक्य हमखास: मुरी ना कान्यू वा इताशिमासेन. म्हणजे गळ्यात पडून क्लास लावायला लावणार नाही. इथल्या चांगल्या क्लासच्या पानांवर ते असतंच आणि वाचणारा ते शोधतच असतो.

नकाशावर दिसा

पान झालं की त्याच आठवड्यात गुगल बिझनेस प्रोफाइल करा. फुकट आहे, आणि स्टेशनचं नाव टाकून शोधणाऱ्याला वेबसाइटच्या आधी नकाशाच दिसतो. विद्यार्थ्याच्या घरी किंवा कॅफेत जाऊन शिकवत असाल तर स्वतःचा पत्ता लपवून फक्त कोणत्या भागात शिकवता तेवढं दाखवता येतं, एकट्या बाईने हे जरूर वापरा. फक्त ऑनलाइन शिकवणाऱ्याला मात्र प्रोफाइल मिळत नाही, समोरासमोर भेट व्हायला हवी. क्लासचं नाव जपानीत ठेवा, पण नावात स्वस्त, नंबर वन, निशिकासाइ एइकाइवा असले सर्चचे शब्द कोंबू नका, ते नियमाविरुद्ध आहे आणि प्रोफाइल बंद होऊ शकतं. खातरजमेसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, रस्त्यावरची पाटी, शिकवायचं सामान आणि क्लास तुम्हीच चालवता याचा पुरावा, सगळं एका सलग व्हिडिओत, मध्ये न थांबवता. दिवसाउजेडी करा, आधी एकदा चालून बघा कुठून सुरू करायचं.

नाव, फोन, वेळा हे वेबसाइटवर, नकाशावर, इन्स्टावर अक्षराला अक्षर सारखं ठेवा. महिन्यातून दोनदा नवा फोटो टाका, फळ्यावर आजचं वाक्य असलं तरी चालेल. मुलांचे चेहरे कधीही टाकू नका, आईची लेखी परवानगी असली तरी मी टाकत नाही, इथे त्याबद्दल लोक फार हळवे आहेत.

कुचिकोमी म्हणजे रिव्ह्यू. इथे लोक रिव्ह्यू वाचतात खूप आणि लिहितात कमी, कारण आपलं नाव सगळ्यांना दिसेल याचा संकोच वाटतो. मी एक करते, तीन महिने झाले की अर्ध्या कागदाचा अनकेतो म्हणजे प्रश्नावली देते, येण्याआधी काय भीती होती, आता काय बदललं, एवढे दोनच प्रश्न. परवानगी घेऊन ते हाताने लिहिलेलंच फोटो काढून पेजवर लावते, खाली नाव नाही, फक्त ‘चाळिशीतल्या बाई, कंपनीत नोकरी’ एवढंच, इथे तशीच पद्धत आहे. पहिल्या प्रश्नाची उत्तरं सोन्यासारखी असतात. एका गृहस्थांनी लिहिलं होतं, या वयात शाळेसारखं रागावतील असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पेजवर लिहिलं की चूक झाली तर लगेच थांबवत नाही, वाक्य पूर्ण होऊ देते.

मात्र पाच तारे दिलेत तर ५०० येन सूट, असलं काही करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जाहिरात असल्याचं लपवून केलेली जाहिरात इथल्या कायद्याने बेकायदा आहे, आणि २०२४ मध्ये टोकियोतल्या एका दवाखान्यावर याच कायद्याखाली पहिली कारवाई झाली ती लसीच्या पैशात सूट देऊन नकाशावर चांगले रिव्ह्यू मागितले म्हणूनच.

लाइन नसेल तर विचारणाच येणार नाही

इमेल फॉर्म भरायचं म्हटलं की माणूस उद्यावर टाकतो. लाइन मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये असतं. आपलं घरचं लाइन देऊ नका, लाइनचं ऑफिशियल अकाउंट उघडा, एकटा माणूसही उघडू शकतो, फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला २०० मेसेज. हे २०० म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवायचे मेसेज, ५० जण जोडलेले असतील तर चार वेळा पाठवून संपले. एकेकाशी केलेलं बोलणं त्यात धरत नाहीत, नव्याने जोडलेल्याला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेजही नाही, त्यामुळे छोट्या क्लासला एवढं भरपूर झालं. पडताळणी न झालेलं अकाउंट लाइनच्या सर्चमध्ये दिसत नाही, म्हणून पेजवर, नकाशावर, कार्डावर सगळीकडे त्याचा क्यूआर कोड आणि लिंक हवीच.

स्वागताच्या मेसेजवर मेहनत घ्या. धन्यवाद, मी अमुक, आणि मग सोपं करून द्या: १. ताइकेन हवंय, २. फक्त एक प्रश्न आहे, ३. आत्ता नुसतं बघतोय, कोणताही एक आकडा पाठवा. हा तिसरा पर्याय फार कामाचा, ३ पाठवणारे दोन-तीन महिन्यांनी १ पाठवतात. उत्तर त्याच दिवशी, रात्री दहानंतर आलं असेल तर सकाळी. पहिली ओळ ओतोइआवासे आरिगातो गोझाइमासु, विचारणा केल्याबद्दल आभार, मग त्यांच्या नावापुढे सामा, म्हणजे सानपेक्षाही आदराचं, मग दोन-तीन तारखांचे पर्याय. कधी जमेल असं मोघम विचारलं की समोरचा संकोचतो, दोन तारखा समोर ठेवल्या की एक निवडतो.

इन्स्टा आणि बाकीचं

यावर फार वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. इन्स्टावर मुलांच्या आया असतात, तिथे हॅशटॅग जपानीतच, वॉर्डाचं नाव आणि एइकाइवा, स्टेशनचं नाव आणि मामा, असे. आठवड्याला एक पोस्ट, एक वाक्य जे शाळेच्या पुस्तकात असतं आणि प्रत्यक्षात लोक कसं बोलतात. हजार फॉलोअर ओसाकाचे असतील तर त्यांचा उपयोग नाही, कासाइचे तीस पुरेत. अमेबा ब्लॉगवर अजूनही आया आणि घरगुती क्लासवाल्या लिहितात, जपानी लिहिता येत असेल तर छान. जिमोती या आसपासच्या जाहिरातींच्या साइटवर फुकट जाहिरात टाका, तिथे घासाघीस करणारे जास्त येतात पण स्टेशनजवळचे येतात. सुतोआका म्हणजे स्ट्रीट अकॅडमीवर एकदाचे छोटे वर्कशॉप लावता येतात, काफेटोकवर ऑनलाइन लेसन, दोन्ही कमिशन घेतात, सुरुवातीला चार रिव्ह्यू मिळवायला बरे.

एक मात्र विसरू नका, मामातोमो, म्हणजे मुलांच्या शाळेतून झालेल्या मैत्रिणी. एक आई खूश झाली की ती शाळेच्या दाराशी तुमचं नाव सांगते, पण समोरची लगेच मेसेज करत नाही, ती आधी गुगलवर तुमचं नाव टाकते. तोंडी आलेली माणसंही पेजवरूनच आत येतात.

ताइकेनच्या दिवशी

मी ५०० येन घेते, वान कोइन म्हणतात, एक नाणं. फुकट ठेवलं की बघायला येणारे जास्त येतात, आणि ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनाच फुकटाचा दबाव वाटतो, आता लावावाच लागेल असं. शेवटी लगेच विचारू नका लावताय का. एक कागद द्या, आज काय जमलं, पहिल्या तीन महिन्यांत काय करू, फी आणि वार. म्हणा, घरी जाऊन निवांत ठरवा. केन्तो शिमासु, विचार करतो, हे उत्तर आलं तर बहुतेक वेळा ते सौम्य नाही असतं. एका आठवड्याने एकदाच मेसेज करा, त्यांच्या नेमक्या अडचणीवरची एखादी टीप जोडून, आणि मग सोडून द्या. मागे लागलं की ते दुसऱ्यांनाही सांगतात.

फीसाठी मी बँक ट्रान्सफर आणि गेश्शाबुकुरो दोन्ही ठेवते. गेश्शाबुकुरो म्हणजे महिन्याच्या फीचं जाड कागदाचं पाकीट, १०० येनच्या दुकानात मिळतं, वर बारा महिन्यांचे बारा चौकोन. विद्यार्थी त्यात फी घालून दोन्ही हातांनी देतो, मी त्या महिन्याच्या चौकोनात शिक्का मारून रिकामं पाकीट परत देते. साठीच्या एका विद्यार्थिनीला ते पाकीट बघून आपल्या लहानपणीचा पियानोचा क्लास आठवला. पेपे या फोनवरून पैसे द्यायच्या अ‍ॅपवर वैयक्तिक खात्यातून क्लासची फी घेऊ नका, धंद्यासाठी ते चालत नाही.

रद्द करायचे नियम छापील द्या. आदल्या दिवसापर्यंत कळवलं तर फुरिकाए म्हणजे बदली लेसन, त्याच दिवशी रद्द केलं तर पूर्ण फी. इथे तोजित्सु कॅन्सल हा शब्द सगळ्यांना माहीत असतो, नियम आधी लिहिलेला असेल तर कुणी वाद घालत नाही. मूल तापलं असेल तर मी फी घेत नाही, तेही छापलंय.

वही आणि वर्षाचं चक्र

प्रत्येक नव्या माणसाला विचारा, आमच्याबद्दल कुठून कळलं, आणि वहीत लिहा: तारीख, कुठून, काय हवं होतं, लावला की नाही, नाही तर का. वर्षभरात चित्र स्वच्छ दिसतं. माझ्या वहीत नकाशा आणि मैत्रिणींची ओळख याच दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, इन्स्टा क्वचित, म्हणून तिकडचा वेळ मी एइकेनच्या पानाला दिला.

इथलं वर्ष एप्रिलला सुरू होतं. शाळा नवी, ऑफिस नवं, लोक नवे वर्ग शोधतात, पण शोधायला लागतात फेब्रुवारीच्या शेवटापासून. एप्रिलमधल्या रिकाम्या वेळा फेब्रुवारीतच पेजवर लावा, वार आणि तास लिहून, मंगळवार सकाळी १० ची एक जागा, गुरुवार संध्याकाळी ७ ची एक. दुसरी लाट नव्या वर्षाच्या जानेवारीत. एइकेनची लेखी परीक्षा साधारण जून, ऑक्टोबर आणि जानेवारीत असते, मुलाखतीचं पान त्याच्या महिनाभर आधी वर आणा, नकाशावर पोस्ट टाका, जुन्या आयांना लाइनवर एक मेसेज. गोल्डन वीक म्हणजे एप्रिल-मेची सुट्टी आणि ऑगस्टच्या ओबोन सणाची सुट्टी, यात कुणी फिरकत नाही, तेव्हा पेज नीट करा, स्टेशनपासूनच्या रस्त्याचे फोटो परत काढा. माझ्या वाटेवरचं कोपऱ्यातलं दुकान मागच्या उन्हाळ्यात बदललं आणि एक आजोबा जुना फोटो हातात धरून वीस मिनिटं त्याच चौकात उभे होते.